सहा फोडी, दोन भाकरी

लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारी कुणी बसत नाही. पान मांडलेलं असतं, जागा रिकामी असते, पण येणारा माणूस मला बघतो आणि "तिकडं जरा वारं हाय" म्हणत पार मांडवाच्या टोकाला जाऊन बसतो. एकदा एक पाहुणे चुकून बसले. त्यांनी जिलबीला हात घातला आणि मला ओळखल्यावर तो हात तसाच कोशिंबिरीकडं वळवला. मी काहीएक बोलले नव्हते हो! मी माझी जिलबी खात होते, आणि तीही तिसरी.

तुळजापुरात मला सगळे कॅलरीबाई म्हणतात. माझं खरं नाव रेशनकार्डावर आहे, ते तिथंच राहू द्या. एका दवाखान्यात आहारतज्ज्ञ म्हणून उभी हयात काढली, निवृत्त झाले आणि दोन खोल्या भाड्यानं घेऊन पाटी लावली. स्वभाव तापट आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं त्याचाच घोटाळा झालेला आहे.

आमचं काम लांबून फार शास्त्रीय दिसतं. प्रत्यक्षात माणसाला "काल काय खाल्लं?" एवढंच विचारायचं असतं. मग त्याच्या उष्मांकांची, म्हणजे कॅलरींची, बेरीज करायची आणि कुठं कात्री लावायची ते सांगायचं. घरचं जेवण असलं की सोपं. घरची बाई सांगते, एवढ्या आमटीला एवढी पळी तेल. पण माणूस बाहेर जेवून आला, की सगळा अंदाजपंचे कारभार. तिथं पळी कुणाची, तेल कुणाचं, आणि आत काय घातलंय ते आचाऱ्याला आणि देवाला ठाऊक.

त्यात गेल्या सात-आठ वर्षांत एक नवीन डोकेदुखी उपटली, ती म्हणजे व्हेज मटण. आमच्या भागात जन्मानं शाकाहारी माणसं तशी कमी, पण मटण सोडलेली माणसं लई. कुणी माळ घातलेली, कुणी नवस बोललेला, कुणाचा श्रावण, कुणाचं नवरात्र, कुणाला डॉक्टरनं दम दिलेला. मटण सुटतं, चव काही सुटत नाही. ढाबेवाल्यांनी हे बरोबर हेरलं. सोयाच्या वड्यांचं मटण आलं, कच्च्या फणसाची बिर्याणी आली, कच्च्या केळाचं फिश फ्राय आलं. एका ठिकाणी तर मी पनीरची अंडाकरी खाल्ली. पांढऱ्या गोळ्यात पिवळा बलक बरोब्बर मधोमध बसवलेला. करणाऱ्याचे पाय धरावेसे वाटले, पण मी तिथं कॅलरी मोजायला गेले होते.

माझ्याकडं येणाऱ्या लोकांचा मात्र एकच ठाम समज, की शाकाहारी म्हटलं की ते हलकंच. एक माळकरी हेडमास्तर होते, निवृत्त. ते आठवड्यातून दोनदा सोया चाप खायचे. चाप म्हणजे सोयाचं आणि मैद्याचं पीठ काडीला गुंडाळून तळतात, दिसायला हाड असलेल्या तंगडीसारखं. मी त्यांना एका चापाचा हिशेब सांगितला तर म्हणाले, "ह्यात काडीचं वजन वजा केलं का?" मी म्हटलं, "सर, तुम्ही काडी खाता का?" त्यांच्या मंडळी बाजूला बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "चोखतेत."

असल्या पदार्थाचा अंदाज काढायची माझी एक रीत होती. ढाब्यावरून एक प्लेट बांधून आणायची. फोडी बाहेर काढून तोलायच्या, मग गरम पाण्यात पिळायच्या, कारण सोयाची वडी तेल पिऊन बसलेली असते. वाटीभर रस्सा उभ्या ग्लासात ओतून तासभर ठेवायचा. मसाला खाली बसतो, मध्ये पाणी राहतं आणि लाल तेल, ज्याला आपण तर्री म्हणतो, ते वर येतं. ते चमच्यानं काढून मोजायचं. एक छोटा चमचा तेल म्हणजे पंचेचाळीस कॅलरी. सगळी प्लेट मिळून किती, ते मी वहीत लिहून ठेवत असे. आमच्या तालुक्यातल्या आणि सोलापूर रस्त्यावरच्या पंधरा-वीस ढाब्यांचं व्हेज मटण माझ्या वहीत होतं. त्या वहीचा मला फार अभिमान होता. कुणी नुसतं ढाब्याचं नाव सांगितलं, की मी वही न उघडता आकडा सांगायची आणि समोरचा माणूस "आयला!" म्हणायचा. त्या "आयला"साठी मी दुपारची झोप सोडलेली आहे.

आता अण्णांची गोष्ट सांगते.

दिगंबरअण्णा अणदूरकडचे शेतकरी. वय साठीच्या आसपास, देह म्हणाल तर दारातून आत येताना तिरके व्हायचे. बोलणं अगदी कमी. मी दहा वाक्यं बोलले, की ते एकदा "व्हय" म्हणणार. त्यांच्याबरोबर कौसल्याकाकू, त्यांची बायको, वाळून खारीक झालेली. काकूंच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा सोलापूरला मशीनवर रक्त शुद्ध करून घ्यायला जायच्या. मला वाटलं, काकूंचं पथ्य विचारायला आलेत. ते तर विचारायचं होतंच, पण खुर्चीत बसले अण्णा.

"ह्यांचं वजन कमी करायचंय," काकू म्हणाल्या. "धा किलो."

अण्णा बायकोला किडनी देणार होते. लेक द्यायला तयार होती, पण तिचं पोर अंगावर पीत होतं आणि अण्णांनी तिला साफ नाही म्हणून सांगितलं होतं. अण्णांचा रक्तगट जुळला, साखर ठीक, दाब ठीक, सगळं ठीक. फक्त वजन पंच्याण्णव. सोलापूरचे डॉक्टर म्हणाले, पंच्याऐंशीवर या, मग कापतो. तोवर काकूंनी मशीनवर दिवस काढायचे. आणि काकूंच्या तब्येतीकडं बघता फार दिवस नाहीत, हेही डॉक्टरांनी अण्णांना बाजूला घेऊन सांगितलं होतं.

गावात ह्याची चर्चा झालीच. बायकोनं नवऱ्याला किडनी दिली, आईनं लेकाला दिली, हे सगळ्यांनी ऐकलेलं. बाप्या माणूस बायकोला देतोय म्हटल्यावर पारावरची मंडळी अण्णांना विचारायची, "अण्णा, डॉक्टरनं नीट सांगितलं न्हवं? तुमची तिला का तिची तुमाला?"

वजनासाठी अण्णांनी स्वतःच एक पाऊल उचललं होतं. तुळजाभवानीच्या पुढं उभं राहून, बायको बरी होईस्तोवर मटण बंद, असं बोलून आले होते. मी खूश झाले. मग त्यांनी हळूच सांगितलं, "सोलापूरहून येताना हमीदच्या ढाब्यावर व्हेज मटण खातो. तेवढं चालतंय का?"

हमीदभाईंचा ढाबा माझ्या वहीत होता! घराण्यात तीन पिढ्या मटण शिजवणारा माणूस, त्याच्या हातचं व्हेज मटण म्हणजे डोळे मिटून खाल्लं तर हाड शोधाल. मी आकडा धाडकन सांगितला. मशीनच्या दिवशी काकूंना घरी पोचून स्वयंपाक करणं शक्यच नव्हतं, त्यामुळं अण्णांना वाटेत खायलाच लागायचं. मी हिशेब मांडला. सहा फोडी, दोन भाकरी, बसतंय. बाकीच्या दिवसांत कात्री लावली आणि माझा छापील तक्ता हातात दिला. त्यात रकाने होते भाकरी, भात, भाजी, फोडी, गोड, चहा. रोजचं रोज लिहायचं.

काकूंना मी त्यांचं पथ्य वेगळं सांगितलं. त्यांना दिवसभरात फक्त सातशे मिली पाणी, आणि त्यात चहा, ताक, आमटी सगळं धरायचं. "आमटी म्हणजे पाणीच, काकू," असं मी त्यांना बजावून सांगितलं. हे माझेच शब्द, ध्यानात ठेवा.

पहिल्या महिन्यात अण्णांचं वजन दोन किलो उतरलं. दुसऱ्या महिन्यात काटा तिथंच. तिसऱ्या महिन्यात अर्धा किलो वर. अण्णा तक्ता आणायचे, आणि काय तो तक्ता! असलं प्रामाणिक लिखाण मी कधी पाहिलं नाही. "व्हेज मटण ६ फोडी. भाकरी २. कांदा पाव. बडीशेप १५ दाणे." बडीशेपेचे दाणे मोजणारा पेशंट मला उभ्या आयुष्यात भेटला नव्हता, आणि ह्याच गोष्टीचा मला संशय आला. जो माणूस बडीशेप मोजून लिहितो तो काहीतरी मोठं लपवतोय, असं माझ्या डोक्यानं घेतलं. मी ताट चाटूनपुसून खाणारे, भजी लपवणारे, "एकच खाल्ला" म्हणून डबा संपवणारे लोक वर्षानुवर्षं पाहिलेले. माझा पेशंटवरचा विश्वासच उडालेला होता.

चौथ्या महिन्यात काटा त्र्याण्णवच्या खाली येईना. त्याच आठवड्यात काकूंना दम लागून दोन दिवस सोलापूरला ठेवलं होतं. मी तक्ता टेबलावर आपटला.

"अण्णा, हे नाटक कुणासाठी चाललंय? एवढंच खाऊन माणूस चार महिन्यांत काटकुळा होतो. तुम्हाला किडनी द्यायची नसंल तर तोंडानं सांगा ना. तिला आशेला कशाला लावता?"

हे मी काकूंच्या देखत बोलले. लिहिताना आजही माझे कान गरम होतात.

अण्णांनी टोपी डोक्यावर घातली. "येतो, बाई," म्हणाले आणि बाहेर जाऊन जीपमध्ये बसले.

काकू मात्र उठल्या नाहीत. म्हणाल्या, "बाई, ह्यो माणूस येक येळ चोरून खाईल, पण खोटं लिवणार न्हाय. लग्नाच्या याद्या झाल्या तवा ह्यांनी माझ्या बापाला सांगितलं हुतं, माझा येक दात पडलाय म्हणून. कुणी इचारलं पण नव्हतं. तुमचंच कायतरी इचारायचं ऱ्हातंय."

माझं विचारायचं राहतंय? मला? माझा पारा आणखी चढला. पण काकूंचा आवाज इतका शांत होता, की भांडायला जागाच मिळेना.

"परवा मशीन हाय," त्या म्हणाल्या. "येताना म्याच आत बसते. तुमीबी या."

एरवी मशीनवरून उठल्यावर त्यांच्या अंगात त्राण नसायचं. अण्णा आत जेवायचे आणि त्या जीपमध्येच डोळे मिटून पडायच्या. त्यामुळं इतक्या महिन्यांत अण्णांना ढाब्यावर जेवताना त्यांनी पाहिलंच नव्हतं.

मी गेले. तापलेली होते, चोर पकडायला गेले असं म्हणा. अण्णांनी मला बघून नुसती मान हलवली. काकू त्यांच्या शेजारी बसल्या, पर्समधून पाण्याची बाटली आणि रेघा आखलेलं मापाचं भांडं काढून टेबलावर ठेवलं. बाटलीवर चिकटपट्टीचे सात तुकडे डकवलेले होते. एक पट्टी म्हणजे शंभर मिली. दिवसभर त्या पट्टी बघून घोट घ्यायच्या.

ताट आलं. मी फोडी मोजल्या. सहा. भाकरी दोन, कांदा पाव. तक्त्यात लिहिलं तसंच. मी सातव्या फोडीची वाट बघत बसले. अण्णांनी भाकरी कुस्करली, वाटीतला रस्सा तिच्यावर ओतला. हमीदभाई स्वतः बादली घेऊन आले आणि रिकामी वाटी भरली.

"येक," काकू म्हणाल्या.

अण्णांनी ती वाटी तोंडाला लावून भुरका मारला. आमच्याकडं चांगला रस्सा असाच पितात, चमचा घेणारा माणूस आजारी समजतात. वाटी खाली आली, हमीदभाईंनी भरली.

"दोन."

मी अजून फोडींकडंच बघत होते. खरंच सांगते. डोळ्यांदेखत बादलीनं रस्सा वाढला जात होता आणि माझी नजर सातव्या फोडीवर.

"तीन," काकू म्हणाल्या. "च्यार."

आता हमीदभाईंचा हात थबकला. शेजारच्या टेबलावरचे ड्रायव्हर जेवायचे थांबले. अण्णांना मात्र कळेना, की बायको मोजतेय काय. त्यांनी वाटी पुढं केली. समोर आलेली वाटी रिकामी ठेवणं हमीदभाईंच्या रक्तात नाही, त्यांनी घाबरत घाबरत भरली.

सात झाल्यावर अण्णांनी हात धुतले. काकूंनी रिकाम्या वाटीत पाणी भरलं, ते आपल्या मापात ओतलं, निरखून बघितलं.

"दीडशे," त्या म्हणाल्या. "सात वाट्या. हजाराच्या वर. बाई, ह्यांनी येका जेवणात माझं दीड दिवसाचं पाणी पिलंय. ह्ये तुमच्या कागदात कुठं हाय?"

मी अण्णांकडं बघितलं. "अण्णा, हे लिहिलं का नाही?"

"रस्सा?" अण्णांना खरोखरच आश्चर्य वाटलं. "रस्सा कुणी लिवतं व्हय?"

आणि त्यांचं बरोबर होतं. आमच्याकडं मटणाचं जेवण फोडींवर मोजतात. कुणाच्या ताटात किती फोडी पडल्या ह्यावरून जावई रुसतात, भावकी फुटते. रस्सा कुणी मोजत नाही. रस्सा वाढणाऱ्यानं वाढत राहायचा आणि जेवणाऱ्यानं नको म्हणायचा नाही. त्याचे पैसे नाहीत, त्याची गणती नाही. मी याच मातीतली. माझे वडील "दोन फोडी खाल्ल्या" म्हणायचे तेव्हा त्यांच्या मिशीतून रस्सा गळत असायचा. शिकले, पदवी घेतली, तक्ता छापून घेतला, आणि त्यात रश्शाचा रकानाच घातला नाही. वाटीभर रस्सा बांधून आणायचा, त्यातलं तेल चमच्यानं मोजायचं आणि माणूस तेवढाच पितो असं धरायचं, ही माझी विद्या. समोर बसलेल्या ह्या दोघांपैकी एकीला मीच शिकवलं होतं, की आमटी म्हणजे पाणीच.

हिशेब मी तिथंच बोटांवर केला. वाटीला दीड-दोन चमचे तर्री. सात वाट्यांचं म्हटलं तर एक जेवण खाऊन त्यावर दुसरं जेवण पिल्यासारखं होतं. आठवड्यातून तीनदा.

माझा राग आता हमीदभाईंवर निघाला. दुसरं कोण होतं तिथं? "हमीदभाई, व्हेज मटणाला इतकं तेल कशाला? मटणालासुद्धा तुम्ही एवढं घालत नाही!"

हमीदभाई शांतपणे म्हणाले, "बाई, मटन अपना तेल खुद सोडतंय. वडी कुठलं सोडतीय? ती उलट पितीय. आदी तळायची, न्हायतर रबर लागती. मग रश्शावर तर्री यायला आमालाच घालावं लागतंय. तर्री दिसली न्हाय तर गिऱ्हाईक म्हणतंय, हमीद बीमार हाय का?"

"पण लोक शाकाहारी म्हणून हलकं समजून खातात हो!"

"आता तेल काय बकरीला लागतंय का बाई? तेलबी शाकाहारीच की."

ड्रायव्हर लोक हसले. मीही हसले असते, पण अण्णा समोर होते. सगळ्या ढाब्यासमोर मी त्यांना म्हटलं, "अण्णा, माझं चुकलं. मी तुम्हाला नाही नाही ते बोलले. मला माफ करा."

अण्णांनी टोपी नीट केली. मग म्हणाले, "ऱ्हाऊ द्या बाई. पर इचारायचं हुतं येकदा."

त्या दिवशी घरी येऊन मी जुने कागद काढले. किती जणांना मी खोटारडं म्हटलं असेल! एक कंडक्टर होता, दर महिन्याला शपथेवर सांगायचा, "बाई, तीनच फोडी." त्याला मी दारातून हाकललं होतं. एक मावशी माझ्या बोलण्यानं रडत गेल्या त्या परत आल्या नाहीत. ते कागद मी फाडले नाहीत, ठेवून दिलेत. नवीन तक्त्यात पहिलाच रकाना रश्शाचा घातला आणि ढाब्यांची वही पुन्हा पहिल्यापासून लिहिली, वाट्यांसकट. ह्या वेळी कुणी "आयला" म्हणालं नाही, कारण आकडा ऐकून लोकांचं तोंडच बंद व्हायचं.

हमीदभाईंनी अण्णांसाठी वेगळं पातेलं लावायचं कबूल केलं. न तळलेल्या वड्या, चमचाभर तेल, घट्टपणाला थोडं येसूर, म्हणजे भाजलेल्या धान्याचं मसाल्याचं पीठ. तरी एक अडचण राहिलीच. पाहुण्याची वाटी रिकामी दिसली की हमीदभाईंचा हात आपोआप बादलीकडं जायचा. दोनदा त्यांनी काकूंचा डोळा चुकवून वाढलाच. शेवटी स्वतःच हरले आणि म्हणाले, "भाभी, मेरेको बघवत न्हाय. अण्णा आले की म्या आत बसतो." मग अण्णांची जीप वळणावर दिसली, की मालक मुदपाकखान्यात दडून बसायचे आणि अण्णा गेल्याची खात्री करूनच बाहेर यायचे.

काकू दर खेपेला आत बसायला लागल्या. अंगात ताप असला तरी बसायच्या. अण्णांची एक वाटी झाली, की त्या एक बोट वर करायच्या, बोलायच्या नाहीत. अण्णा वाटी पालथी घालायचे. वजन मात्र उतरायला लागलं, महिन्याला दोन-अडीच किलो. शेवटचा किलो फार हट्टी निघाला. त्यासाठी अण्णांनी भाकरी अर्ध्यावर आणली, पहाटे बांधावरून चकरा मारल्या, आणि काट्यावर चढायच्या दिवशी करदोडासुद्धा काढून आले. चौऱ्याऐंशी किलो आठशे ग्रॅम भरले. मी माझ्याच दवाखान्यात ओरडले, तर बाहेरचे पेशंट उठून उभे राहिले.

ऑपरेशनच्या आधी एक समिती असते. किडनी देणारा माणूस राजीखुशीनं देतोय का, की कुणी पैशाचं आमिष दाखवलंय, दबाव आणलाय, हे ते लोक विचारतात. काकू मला म्हणाल्या, "बाई, ह्यांना बोलता येत न्हाय. तुमी संगं चला." मला आतल्या भिंतीजवळच्या खुर्चीवर बसू दिलं. टेबलापलीकडं तीन माणसं आणि एक बाई लिहून घ्यायला.

साहेबांनी पहिलाच प्रश्न विचारला, "तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का?"

अण्णा म्हणाले, "हाय."

लिहिणाऱ्या बाईचं पेन थांबलं. साहेब पुढं सरकले. "कुणाचा?"

अण्णांनी सरळ माझ्याकडं बोट केलं. "ह्या बाईंचा. साडेसात म्हैने झाले."

साहेब माझ्याकडं असे बघायला लागले, की मी किडन्यांचा बाजार मांडलाय. मी उभी राहून, "अहो, वजन! वजनाचा दबाव! मी आहारतज्ज्ञ!" असं काहीतरी ओरडले. मला गप्प बसवलं. मीच विचारलेल्या एकेका प्रश्नाचं ह्या माणसानं बडीशेपेच्या दाण्यापर्यंत खरं उत्तर दिलं होतं, आता ह्यांना देत होता. खोटं बोलायला हवं तिथंसुद्धा हा बाबा बोलायचा नाही, आणि आमची सगळी मेहनत इथं ह्या टेबलावर बुडणार, असं मला वाटलं.

साहेबांनी आवाज मऊ केला. "अण्णा, जेवणाचं सोडा. किडनी द्या म्हणून तुम्हाला कुणी सांगितलं? मुलीनं? सासरच्यांनी? बायकोनं मागितली?"

"न्हाय."

"मग का देताय?"

अण्णांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, पुन्हा घातली.

"तिनं मागितली न्हाय," ते म्हणाले, "म्हणून."

साहेबांनी चष्मा काढला. मी तर पदर तोंडाला लावला.

तेवढ्यात काकू बोलल्या. "मागितली असती तर दिली नसती, साहेब. घरी दळायला घरघंटी मागून सहा वर्षं झाली मला."

समितीनं सही केली. ऑपरेशन झालं, दोघंही ठणठणीत आहेत. परवा काकूंचा फोन आला होता, त्या दळण घेऊन गिरणीवर निघाल्या होत्या.